सार्वजनिक सुट्टी, सण आणि मुक्तिदिन : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

सुट्टी हा विषय इतिहासाच्या अभ्यासकांनी फारसा गांभीर्याने घेतलेला दिसत नाही. सणांचा अभ्यास लोकसाहित्याकडे, सुट्ट्यांचा प्रशासनाकडे आणि स्मृतिदिनांचा राजकारणाकडे, अशी विभागणी आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेत होऊन गेली आहे. वस्तुतः कोणत्या दिवशी कचेरी बंद ठेवायची हा निर्णय सत्तेच्या स्वरूपाविषयी बरेच काही सांगून जातो. राज्यकर्ते बदलले की नाणी आणि टपाल तिकिटे बदलतात, तशीच सुट्ट्यांची यादीही बदलते. लोकांचे सण मात्र त्या यादीची वाट पाहत नाहीत. या दोहोंतील अंतर जेथे स्पष्ट दिसते अशा प्रदेशांत मराठवाड्याची, आणि मराठवाड्यात जालना जिल्ह्याची, गणना करावी लागेल. प्रस्तुत लेखात जालन्याच्या सार्वजनिक दिवसांचा विचार करताना इटली या देशातील अशाच एका प्रश्नाचा आधार घेतला आहे. ही तुलना प्रथमदर्शनी दूरची वाटेल. परंतु मुक्तीची तारीख कशी ठरते हा प्रश्न दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच स्वरूपात उभा राहिला होता.

संस्थानी काळातील दिनमान

जालना हे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होते. या काळात येथील माणसाला एकाच वेळी किमान चार कालगणनांचे भान ठेवावे लागे. घरातील सणवार शालिवाहन शकाच्या पंचांगावर चालत. मोहरम, रमजान आणि उरूस हिजरी चांद्रवर्षाप्रमाणे येत. महसूल आणि सरकारी कागद फसली सनात लिहिले जात. १९०० साली हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे जालन्यापर्यंत आली आणि इंग्रजी तारीख व्यापाऱ्यांच्या व्यवहारात पक्की झाली.

फसली सन हा मुळात अकबराच्या काळातील महसुली सोयीतून निघालेला. इसवी सनातून ५९० वजा केले की साधारणतः फसली वर्ष मिळते. हैदराबादेत त्याला आजूर, दय, बहमन, इस्फंदार अशी इराणी महिन्यांची नावे जोडली गेली. जुन्या सातबाऱ्यांचा आणि इनामी कागदांचा शोध घेणाऱ्यांना आजही या महिन्यांशी झुंजावे लागते. मराठी कुणब्याच्या जमिनीची नोंद इराणी महिन्यात व्हावी आणि त्याच जमिनीवरचा पोळा श्रावणी अमावास्येला साजरा व्हावा, यात त्या काळी कोणालाही विसंगती वाटत नव्हती.

सरकारी कचेऱ्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असे. दुसऱ्या बाजूला जालन्याजवळच्या ख्रिस्ती वस्तीत रविवार पाळला जाई. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, हैदराबाद सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर, जालन्यानजीक बेथेल ही वसाहत उभी केली होती. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या या मराठी मिशनरीमुळे नाताळ आणि उत्तम शुक्रवार हे दिवस या भागातील खेड्यांपर्यंत पोचले. म्हणजे काही मैलांच्या अंतरात शुक्रवार आणि रविवार असे विश्रांतीचे दोन वेगळे दिवस नांदत होते, आणि आठवडी बाजार या दोघांनाही न जुमानता आपल्या ठरलेल्या वारी भरत होता.

निजामाच्या वाढदिवसाची सालगिरह आणि १९३७ मध्ये साजरा झालेला सातव्या निजामाच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव हे खास दरबारी सण होत. त्यांत प्रजेचा सहभाग होता. परंतु तो हुकमी स्वरूपाचा होता. याच्या उलट गणेशोत्सव हा प्रजेचा सण असूनही सरकारला त्याची धास्ती वाटे. सभा-संमेलनांवर निर्बंध घालणाऱ्या ‘गश्ती निशाण ५३’ या कुप्रसिद्ध परिपत्रकामुळे राजकीय सभा जवळजवळ अशक्य झाल्या होत्या. अशा वेळी गणपतीसमोरचे व्याख्यान, कीर्तन किंवा मेळा हीच काय ती बोलण्याची जागा उरली. १९३८-३९ च्या सत्याग्रहात आर्य समाजाने मांडलेल्या तक्रारींत धार्मिक मिरवणुका आणि वाद्यांवरील बंधनांचा प्रश्न प्रमुख होता. सणाला राजकीय अर्थ यावा ही लोकांची इच्छा असो वा नसो, राज्यकर्त्यांच्या धोरणाने तो त्याला प्राप्त करून दिला होता.

पंचांगातील योगायोग

येथे कालगणनेची एक साधी बाब लक्षात घ्यावी लागते. हिजरी वर्ष हे सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असून त्यात अधिक मास नाही. त्यामुळे मोहरम सर्व ऋतूंतून फिरतो आणि साधारणतः बत्तीस-तेहेतीस वर्षांनी दसऱ्याच्या आसपास येतो. १९५०, १९८३ आणि पुन्हा २०१५ व २०१६ या वर्षी असे घडले. संस्थानी काळात असा योग आला की दसऱ्याच्या मिरवणुकीवर बंधने येत, ही हिंदू प्रजेची एक जुनी तक्रार होती. परंतु एवढ्यावरून दोन समाजांच्या सणांत कायम संघर्ष होता असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मराठवाड्याच्या खेड्यांत मोहरमच्या सवाऱ्यांना हिंदू कुटुंबे नवस बोलत, मुलांना फकीर करीत, आणि डोल्यांच्या मार्गावर पाणी घालीत. मराठवाड्यातील अनेक गावांत ही प्रथा अजूनही पूर्णपणे लोपलेली नाही. २९ जून २०२३ रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या, तेव्हा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने कुर्बानी पुढे ढकलली. त्यासाठी कोणत्याही गश्तीची गरज पडली नाही.

जिल्ह्याचे स्वतःचे सण

जालना जिल्ह्याच्या सणांची यादी करू गेल्यास ती सरकारी यादीशी अंशतःच जुळते. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ साली रामनवमीच्या दिवशी समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यामुळे जांब समर्थची रामनवमी एकाच वेळी देवाचा आणि संताचा जन्मोत्सव असते. रामनवमीला राज्यभर सुट्टी आहे, म्हणून येथे यादी आणि यात्रा एकत्र येतात. अंबडच्या मत्स्योदरी देवीचे नवरात्र नऊ दिवस चालते. सुट्टी मिळते ती दसऱ्याची. भोकरदन तालुक्यातील राजूरच्या गणपतीला अंगारकी चतुर्थीस लोटणारी गर्दी पाहिली तर त्या दिवशी शाळा-कचेऱ्या चालू असतात यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसणार नाही. जुन्या जालन्यातील आनंदी स्वामींच्या मंदिराचा आषाढी एकादशीचा उत्सव हाही असाच. पंढरपूरला जाऊ न शकणाऱ्यांचे ते पंढरपूर. पण आषाढी एकादशी राज्याच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत नाही.

जालना शहरातील धुळवडीची हत्ती रिसाल्याची मिरवणूक विशेष उल्लेखनीय आहे. ‘रिसाला’ हा शब्द घोडदळाच्या पथकासाठी फार्सीतून आलेला. संस्थानी लष्करी वातावरणातील हा शब्द एका लोकोत्सवाच्या नावात टिकून राहिला आणि निजामाचे लष्कर संपुष्टात आल्यावरही मिरवणूक चालूच राहिली. जिवंत हत्तीची जागा पुढे हत्तीच्या प्रतिकृतीने घेतली, तरी नाव बदलले नाही. सत्तेची चिन्हे लोक कशी आपलीशी करतात याचे याहून सुबोध उदाहरण जिल्ह्यात सापडणार नाही.

सणांच्या या नकाशात काय नाही हेही पाहावे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच जिल्ह्यातील असई येथे मराठे आणि वेलस्ली यांच्यात निर्णायक लढाई झाली. जगाच्या लष्करी इतिहासात जिल्ह्यातील जी मोजकी गावे नोंदली गेली आहेत त्यांत असईचे स्थान पहिले. या दिवसाची ना यात्रा, ना सुट्टी. पराभवाला पंचांगात सहसा जागा मिळत नाही.

सतरा सप्टेंबर : तारीख कोणती आणि कोणाची?

१५ ऑगस्ट १९४७ रोजी जालना स्वतंत्र झाले नाही. निजामाने भारतात विलीन होण्याचे नाकारले होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने विलीनीकरणाचा लढा पुकारला आणि त्या दिवशी स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबर १९४७ मध्ये ‘जैसे थे’ करार झाला, पण रझाकारांचे अत्याचार वाढतच गेले. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई या नावाने लष्करी कारवाई सुरू झाली. जालन्यात हैदराबादी सैन्याने प्रतिकार केला. तथापि पहिल्या तीन दिवसांतच शहर भारतीय सैन्याच्या ताब्यात आले व पुढील तुकड्या लातूरच्या दिशेने गेल्या. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. जनरल अल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यासमोर प्रत्यक्ष शरणागती पत्करली ती १८ सप्टेंबरला.

म्हणजे जालना शहरापुरते बोलायचे तर निजामी अंमल १७ सप्टेंबरच्या आधीच संपला होता, आणि लष्करी दृष्ट्या पाहता हैदराबाद १८ तारखेला पडले. दूरच्या खेड्यांत तर ‘राज्य गेले’ ही बातमी पोचायला आणखी काही दिवस लागले असतील. तरीही साजरा होतो तो १७ सप्टेंबर. जी तारीख निवडली गेली ती राजाच्या शब्दाची आहे. एखाद्या गावाच्या प्रत्यक्ष मुक्ततेची नव्हे.

पंचांग काढून पाहिल्यास या दिवसाविषयी आणखी दोन गोष्टी हाती येतात. १७ सप्टेंबर १९४८ हा शुक्रवार होता, म्हणजे संस्थानच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस. आणि तिथी होती भाद्रपद शुद्ध चतुर्दशी, अर्थात अनंत चतुर्दशी. ज्या उत्सवाने बंदीच्या काळात लोकांना बोलण्याची जागा दिली त्याच्या विसर्जनाच्याच दिवशी निजामी सत्तेचे विसर्जन झाले, हा योग कोणाही वक्त्याला मोहात पाडणारा आहे. तरी मुक्तिदिन तिथीने साजरा करावा अशी मागणी कधी जोर धरू शकली नाही. शिवजयंतीच्या बाबतीत मात्र तिथी की तारीख हा वाद महाराष्ट्रात अनेक वर्षे गाजला आणि शासनाने १९ फेब्रुवारी स्वीकारल्यावरही पुरता मिटला नाही. नवे राष्ट्र आपले दिवस इंग्रजी तारखेने पाळते, जुना समाज तिथीने. मुक्तिदिन निःसंशय पहिल्या गटातला आहे.

पोलीस कारवाईनंतर शुक्रवारची जागा रविवारने घेतली. २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक दिन आला आणि सातवा निजामच हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला. ज्याच्या शरणागतीचा दिवस लोक साजरा करीत होते तोच आता संविधानाखालील राज्याचा प्रमुख होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. पुढे १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याचा वाढदिवस आणि राज्याचा वाढदिवस एकच असल्यामुळे पहिल्याची आठवण दुसऱ्यात विरघळून जाते, असा अनुभव आहे.

इटलीचा पंचवीस एप्रिल

इटलीत दरवर्षी २५ एप्रिल हा मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. १९४५ साली या दिवशी उत्तर इटलीच्या राष्ट्रीय मुक्तिसमितीने मिलान येथून सार्वत्रिक उठावाची हाक दिली. परंतु नेपल्सच्या नागरिकांनी चार दिवसांच्या उठावानंतर जर्मनांना सप्टेंबर १९४३ च्या अखेरीसच हुसकावले होते. रोम ४ जून १९४४ रोजी, तर बोलोन्या २१ एप्रिल १९४५ रोजी मुक्त झाले. इटलीतील जर्मन सैन्याची शरणागती २९ एप्रिलला काझेर्ता येथे लिहिली गेली आणि २ मे रोजी अमलात आली. नेपल्सच्या माणसाला २५ एप्रिल हा आपल्या मुक्तीचा दिवस वाटावा असे त्यात काहीच नाही. तरीही १९४६ साली पंतप्रधान दे गास्पेरी यांच्या प्रस्तावावरून ही तारीख निवडली गेली आणि १९४९ च्या कायद्याने ती कायम झाली. जालना आणि नेपल्स यांची अडचण अशी एकसारखी आहे.

त्या मुक्तीत मराठी माणसाचाही वाटा होता, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. याच पलटणीचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी, म्हणजे त्या पंचवीस एप्रिलच्या अवघे सोळा दिवस आधी, सेनिओ नदीवर अतुलनीय शौर्य गाजवले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये इटलीतील मोन्तोने या गावी घाडगे यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारण्यात आले.

इटलीत सुट्ट्यांशी सत्तेने केलेला खेळही उद्बोधक आहे. मुसोलिनीने १९२३ मध्ये १ मेची कामगार दिनाची सुट्टी रद्द करून ती रोम नगरीच्या पारंपरिक स्थापनादिनी, २१ एप्रिलला, नेली. १९४५ मध्ये ती परत १ मे रोजी आली. फॅसिस्ट राजवटीने १९२२ पासून स्वतःचा सनही सुरू केला होता. राजवटीबरोबर तो संपला. १९७७ साली उत्पादनवाढीचे कारण देऊन अनेक धार्मिक सुट्ट्या कायद्याने काढून टाकण्यात आल्या आणि २ जूनचा प्रजासत्ताक दिन रविवारवर ढकलण्यात आला. लोकांनी ते मनावर घेतले नाही. ६ जानेवारीच्या सणाला मुलांना खाऊ वाटणारी बेफाना ही म्हातारी सुट्टी नसतानाही येतच राहिली आणि १९८५ मध्ये सरकारला ती सुट्टी पुन्हा द्यावी लागली. प्रजासत्ताक दिन मात्र २००१ पर्यंत थांबून राहिला. लोकांचा सण आठ वर्षांत परतला, राष्ट्राच्या सणाला चोवीस वर्षे लागली. (योगायोग असा की इटलीची उन्हाळ्यातील सर्वांत मोठी सुट्टी १५ ऑगस्टला येते. तिचा उगम सम्राट ऑगस्टसच्या काळातील विश्रांतीच्या दिवसांत असून चर्चने त्याच दिवशी मातृदेवता मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण पाळला.)

राष्ट्रीय सुट्टीखेरीज इटलीत प्रत्येक नगराला आपल्या रक्षक संताच्या दिवशी सुट्टी असते: मिलानला ७ डिसेंबर, नेपल्सला १९ सप्टेंबर, रोमला २९ जून. व्हेनिसचा संत मार्क याचा सण तर २५ एप्रिललाच येतो. त्या दिवशी व्हेनिसचे पुरुष आपल्या प्रिय स्त्रीला लाल गुलाबाची कळी देतात. मुक्तिदिनाचा ध्वज आणि गुलाबाची कळी एकाच दिवशी, एकाच चौकात दिसतात. दोघांपैकी कोणी कोणाला हटवलेले नाही.

सुट्टी, स्मृती आणि वेदना

आपल्याकडे सार्वजनिक सुट्ट्या परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ खाली जाहीर होतात. बँकांच्या हुंड्यांसाठी केलेल्या वसाहतकालीन कायद्याच्या आधारे आजही गुढीपाडवा आणि ईद यांना सुट्टी मिळते, हे थोडे गमतीचे आहे. महाराष्ट्राच्या यादीत साधारणतः चोवीस दिवस असतात. त्यांत पारशी नववर्षदिन आहे, १७ सप्टेंबर नाही. याशिवाय जिल्हाधिकाऱ्यांना वर्षात तीन स्थानिक सुट्ट्या जाहीर करण्याचा अधिकार असतो. लातूर व धाराशिव जिल्ह्यांत वेळ अमावास्येला मिळणारी सुट्टी ही त्यातलीच. इटलीतील नगरसंताच्या सुट्टीशी आपल्याकडे काही जुळत असेल तर ती ही तरतूद.

मुक्तिदिनी जालन्यात टाऊन हॉल परिसरातील हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकर यांच्या स्मृतिस्थळी शासकीय ध्वजारोहण होते. २०२३ मध्ये अमृतमहोत्सवी सांगतेच्या निमित्ताने राज्य मंत्रिमंडळाची बैठक छत्रपती संभाजीनगर येथे झाली. पण राज्याच्या सीमा ओलांडल्या की याच दिवसाचे नाव बदलते. कर्नाटकात २०१९ पासून तो कल्याण कर्नाटक उत्सव आहे. तेलंगणात २०२२ साली केंद्र शासनाने ‘हैदराबाद मुक्ती दिन’ आणि राज्य शासनाने ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ असे दोन वेगळे समारंभ एकाच शहरात केले. एका संस्थानाचे तीन तुकडे झाले आणि एका दिवसाचे त्याहून अधिक.

नावाचा हा वाद केवळ पक्षीय नाही. पोलीस कारवाईच्या काळात व त्यानंतर झालेल्या हिंसाचाराच्या चौकशीसाठी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस दौरा केला. अत्यंत सावध अंदाजानेही २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असे तिने नमूद केले. त्यांत प्रामुख्याने मुस्लिम होते. उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे सर्वाधिक होरपळले. जालना ज्याचा भाग होते तो औरंगाबाद जिल्हाही त्यातून सुटला नाही. हा अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही. रझाकारांनी जाळलेली गावे आणि त्यानंतर सूडाने पोळलेली गावे या दोहोंची नोंद एकाच दिवसाच्या खाती आहे. इटलीतही २५ एप्रिल हा सर्वांचा दिवस कधीच झाला नाही. फॅसिस्ट बाजूने लढलेल्यांच्या घरात तो शोकाचा राहिला. तेथील इतिहासकारांनी दोन्ही बाजूंच्या मृतांची गाववार नोंद केली. मुक्तिलढ्याचे महत्त्व त्यामुळे उणावले नाही. आपल्याकडे एखाद्या गावात भारतीय सैन्य नेमके कोणत्या तारखेला पोचले, चावडीवरचा असफिया ध्वज कोणी उतरवला, त्या आठवड्यात गावातून कोण निघून गेले आणि कोण परतले, हे सांगणारी ज्येष्ठ पिढी आता जवळजवळ संपत आली आहे.

नव्या दिवसांची भर मात्र पडतच आहे. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि संक्रांतीच्या दिवशीच विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी अभिवादनासाठी गर्दी होऊ लागली. जालना जिल्ह्यातून त्या दिवशी निघणाऱ्या गाड्यांत निळे झेंडे असतात. घराघरांत तिळगूळ वाटला जात असतो. सरकारी यादीत १४ जानेवारीसमोर काहीही लिहिलेले नाही.